सगळं दाखवलं, किंमत सोडून



या महिन्यात विषय शोधावा लागला नाही. २ एप्रिलपासून आपल्या मंडळाच्या युवा ग्रुपवर दुसरं काही चालूच नाहीये. ‘दादा, पाहिलंस का?’, ‘घ्यायचा की थांबायचं?’, ‘आपल्याकडे कधी येणार?’ असे मेसेज एवढे आले की शेवटी एका काकूंनी मला वेगळा मेसेज टाकला : ‘आमचा मुलगा चार दिवस दुसरं काही बोलत नाहीये. हे नक्की काय आहे आणि केवढ्याला पडणार आहे, ते साध्या मराठीत सांग.’ काकू, आजचं सदर तुमच्यासाठी. मुलांनी वाचलं तरी हरकत नाही.

निन्टेंडो ही जपानमधल्या क्योटोची कंपनी. १८८९ मध्ये खेळायचे पत्ते बनवण्यापासून तिची सुरुवात झाली. मारिओ, झेल्डा, डाँकी काँग ही सगळी तिचीच मंडळी. २०१७ च्या मार्चमध्ये तिने ‘स्विच’ नावाचा कन्सोल आणला. टीव्हीला जोडून खेळा, नाहीतर उचलून गाडीत बसून खेळा. हे लोकांना इतकं आवडलं की आजवर तो १५ कोटींहून जास्त विकला गेला आहे. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे ‘स्विच २’, बाजारात येण्याची तारीख ५ जून २०२५. त्यात काय काय आहे ते दाखवण्यासाठी कंपनीने २ एप्रिलला इंटरनेटवर तासाभराचा कार्यक्रम केला. या कार्यक्रमाला म्हणतात ‘निन्टेंडो डायरेक्ट’.

या ‘डायरेक्ट’ शब्दामागे एक गोष्ट आहे. पूर्वी गेम कंपन्या वर्षातून एकदा लॉस एंजेलिसच्या ‘ई-३’ या मोठ्या प्रदर्शनात स्टेजवर चढून नव्या गोष्टी जाहीर करायच्या. समोर पत्रकार आणि दुकानदार असायचे, आपल्यापर्यंत बातमी त्यांच्यामार्फत यायची. निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०११ च्या ऑक्टोबरमध्ये वेगळी वाट काढली. ते कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे, दोन्ही हात छातीपासून पुढे न्यायचे आणि खेळणाऱ्यांशी थेट बोलायचे. इवाता मुळात प्रोग्रॅमर होते, त्यामुळे बोलणंही कारागिराचं असायचं. २०१५ मध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी ते गेले. ई-३ प्रदर्शन २०२३ मध्ये कायमचं बंद झालं. डायरेक्ट मात्र चालू राहिलं, आणि माझ्यासारख्यांसाठी तो आता सणच आहे.

यंदा तर तो पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशीच आला. वेळ आपल्याकडची संध्याकाळी साडेसहाची. नेमकं त्याच दिवशी दांडिया बाजारात ताईकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. टीव्हीच्या खोलीत बायका बसलेल्या, म्हणून मी आणि नववीतला भाचा आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो. बाहेरून आंब्याची डाळ आणि पन्हं येत होतं. सोयीची व्यवस्था होती.

आणि काय सांगू, तासभर मजा आली! सुरुवातच ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ने झाली. मारिओ कार्ट म्हणजे गाड्यांची शर्यत, केळ्याची सालं आणि कासवाची कवचं एकमेकांवर फेकत खेळायची. आधी १२ गाड्या असायच्या, आता २४. शर्यतीचे रस्ते एकमेकांना जोडलेले, त्यामुळे शर्यत नको असेल तर नुसतं भटकायला निघा. आणि खेळणाऱ्यांत चक्क एक गाय! तीच ती, आधीच्या मारिओ कार्टमध्ये रस्त्याकडेला चरणारी. आई डाळीची वाटी घेऊन आत आली तेव्हा पडद्यावर ती गाय गाडी हाकत होती. आईने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, “आपल्या रावपुऱ्यात रस्त्यात बसून असतात. तिकडच्या निदान गाडी तरी चालवतात.”

मग नवा कन्सोल. पडदा ६.२ इंचांवरून ७.९ इंच. आतली साठवण ३२ जीबीवरून २५६ जीबी. बाजूचे कंट्रोलर चुंबकाने चिकटतात आणि टेबलावर घासले की माउससारखे चालतात. ‘सी’ नावाचं एक बटण आहे, ते दाबलं की खेळता खेळता मित्रांशी बोलता येतं. ‘डाँकी काँग बनान्झा’ १७ जुलैला. ‘मेट्रॉइड प्राइम ४’चा नवा तुकडा. हा गेम २०१७ मध्ये नुसतं नाव दाखवून जाहीर झाला होता, २०१९ मध्ये काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्याचं कंपनीने सांगितलं, आणि मग २०२५. त्यानंतर क्षणभरच ‘सिल्कसाँग’ची झलक चमकून गेली आणि भाचा एवढ्या जोरात ओरडला की बाहेरच्या बायकांना वाटलं काही पडलं. तो गेम २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेला. तेव्हा भाचा दुसरी-तिसरीत होता. त्याच्यासाठी ती झलक म्हणजे अर्ध्या आयुष्याची वाट पाहणं होतं. मोठ्यांना यात हसण्यासारखं वाटेल, पण वाट पाहण्याची सवय आजकाल कशाने लागते? या मुलांना ती गेमने लावली आहे.

तास संपला. तारीख सांगितली, ५ जून. आभार मानले. पडदा काळा.

भाच्याने विचारलं, “मामा, किंमत?”

किंमत सांगितलीच नाही. तासाभरात एकदाही नाही. थोड्या वेळाने ती वेबसाइटवर सापडली. अमेरिकेत कन्सोल ४४९.९९ डॉलर, म्हणजे सुमारे साडेअडतीस हजार रुपये. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ७९.९९ डॉलर, म्हणजे एका गेमला सुमारे सहा हजार आठशे. दोन्ही एकत्र घेतलं तर ४९९.९९ डॉलर, साधारण ४३ हजार. आपल्याकडे आणण्याचा खर्च आणि कर यात धरलेला नाही. पहिला स्विच २०१७ मध्ये २९९.९९ डॉलरला आला होता.

मला खटकलं ते इथे. किंमत जास्त आहे की रास्त, यावर वाद होऊ शकतो. मोठा पडदा, आठपट साठवण, आठ वर्षांची महागाई. हिशोब मांडला तर कंपनीची बाजूही कळते. पण ज्या कार्यक्रमाचं नावच ‘थेट’ आहे, त्यात सगळ्यांच्या मनातला सगळ्यात थेट प्रश्न टाळला गेला.

या धंद्यात किंमत तोंडावर सांगण्याची जुनी रीत आहे. १९९५ च्या पहिल्या ई-३ मध्ये सेगाने आपला सॅटर्न कन्सोल ३९९ डॉलरला जाहीर केला. त्यानंतर सोनीच्या कार्यक्रमात स्टीव्ह रेस नावाचे अधिकारी भाषण करायला उठले, माइकपाशी गेले, फक्त ‘२९९’ एवढा आकडा उच्चारला आणि परत जागेवर जाऊन बसले. पहिल्या प्लेस्टेशनचं ते सगळ्यात गाजलेलं भाषण. २००६ मध्ये याच सोनीने प्लेस्टेशन ३ साठी ४९९ आणि ५९९ डॉलर सांगितले, लोकांनी वर्षानुवर्षं चेष्टा केली, पण आकडा स्टेजवरूनच सांगितला होता. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला जाहीर झाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी सोनीने प्लेस्टेशन ४ साठी ३९९ म्हटल्यावर सभागृह टाळ्यांनी दणाणलं. खुद्द निन्टेंडोने २०१७ मध्ये पहिल्या स्विचची किंमत आपल्या मोठ्या कार्यक्रमातच सांगितली होती.

यंदा का नाही? प्रत्येक देशात किंमत वेगळी, हे एक कारण असू शकेल. मला दुसरं जास्त पटतं. तासभर आपण टाळ्या वाजवत असताना मध्येच आकडा आला असता तर टाळ्या थांबल्या असत्या. त्या जशा थांबायच्या तशा थांबल्याच. दुसऱ्या दिवशी कंपनीने गेम प्रत्यक्ष खेळून दाखवणारा लाइव्ह कार्यक्रम सुरू केला, तर शेजारी लोकांच्या कमेंटचा नुसता पूर : ‘किंमत कमी करा’. त्यात अमेरिकेने २ एप्रिललाच नवे आयातशुल्क जाहीर केल्यामुळे तिथली आगाऊ नोंदणी लांबली आणि ती २४ एप्रिलला सुरू झाली. कन्सोलची किंमत तेव्हा तीच राहिली.

न सांगितलेल्या गोष्टी आणखीही आहेत. काकू, इथे नीट वाचा. मित्रांशी बोलायचं ते ‘सी’ बटण ३१ मार्च २०२६ पर्यंत सगळ्यांना मोकळं, त्यानंतर त्यासाठी वर्गणी. जुन्या स्विचमधलं मेमरी कार्ड यात गेम साठवायला चालत नाही, ‘मायक्रो-एसडी एक्सप्रेस’ हा नवा महाग प्रकार घ्यावा लागतो. कन्सोलची ओळख करून देणारा ‘वेलकम टूर’ हासुद्धा विकतचा. आणि काही गेमच्या डबीत जे कार्ड मिळेल त्यात गेम नसेलच, असेल ती गेम डाउनलोड करण्याची किल्ली. म्हणजे विकत आणलं तरी वायफाय आणि मोकळी जागा हवीच.

सगळ्यात मोठी न सांगितलेली गोष्ट म्हणजे आपण. भारतात या कन्सोलची अधिकृत विक्री जाहीर झालेली नाही. आपल्याकडे स्विच मिळतो तो बाहेरून आणून विकलेला. तसं पाहिलं तर मारिओ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पुढच्या दाराने आला नाही. माझ्या पिढीने तो नव्वदच्या दशकात नकली मशीनवर पाहिला. आम्ही त्याला फक्त ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, त्याची ‘कॅसेट’ अडकली की फुंकर मारायचो, आणि सुट्टीत तो दिवसाच्या भाड्याने मिळायचा. क्योटोमध्ये आमची कुठे नोंद नव्हती, पण मारिओ आमचा होता. आजही तसंच आहे. कार्यक्रम जगाबरोबर त्याच मिनिटाला बघता येतो, पण वस्तू बिघडली तर जायचं कुठे, याला उत्तर नाही.

हे सगळं भाच्याला सांगून उपयोग नव्हता, त्याला ते माहीतच होतं. त्याची अडचण वेगळी होती. भाऊबीज, वाढदिवस, मुंजीतले उरलेले असे मिळून त्याच्याकडे २१,५०० रुपये आहेत. जुना स्विच विकला तर एक दुकानदार ११ हजार द्यायला तयार आहे. बाकीचे मामाने उसने द्यावेत, असा बेत. मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, वही आण.

एका पानावर त्याला आवडलेले गेम लिहायला सांगितले. त्याने चार लिहिले : मारिओ कार्ट वर्ल्ड, डाँकी काँग, मेट्रॉइड आणि सिल्कसाँग. मग समोर लिहायला लावलं, कोणता गेम कुठे चालणार. मेट्रॉइड जुन्या स्विचसाठीही आहे. सिल्कसाँगही जुन्या स्विचसाठी जाहीर झालेला आहे. म्हणजे ज्याच्यासाठी तो ओरडला, त्याला नवा कन्सोल लागतच नाही. उरले दोन. त्यातला डाँकी काँग जुलैत. म्हणजे ५ जूनला ४३ हजार देऊन हातात येणार एक गेम. खालच्या ओळीत, घरात असलेले पण अजून पूर्ण न केलेले गेम लिहिले. ते सहा निघाले.

तरी त्याचा चेहरा उतरलेलाच. मग खरं बोलला. “वर्गातल्या दोघांचे काका अमेरिकेहून आणणार आहेत. जूनमध्ये शाळा सुरू झाली की सगळे तेच बोलणार. मी काय बोलू?”

यावर वहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं. पंधराव्या वर्षी मागे राहण्याची भीती ४३ हजारांपेक्षा मोठी असते. ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “पैसे तुझे आहेत, ठरव तू. पण जुना विकलास तर रविवारचं काय?”

रविवारी सकाळी तो आणि माझी हैदराबादची पुतणी ऑनलाइन मारिओ कार्ट ८ खेळतात. दोन वर्षं झाली, एकही रविवार चुकलेला नाही. दोघं आतेमामे भावंडं, वर्षातून एकदा भेटतात, पण एकमेकांच्या शाळेतल्या सगळ्या भानगडी त्यांना पाठ आहेत. जुना कन्सोल आज विकला आणि नवा हातात यायला दिवाळी उजाडली तर मधले सगळे रविवार गेले. जपानमध्येच बघा, कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात सोडतीसाठी २२ लाख अर्ज आले. तेही ज्यांनी जुन्या स्विचवर ५० तासांहून जास्त खेळ केलाय आणि निदान वर्षभर ऑनलाइन वर्गणी भरली आहे, अशांचेच अर्ज चालणार होते. तिथे ही गर्दी, तर आपल्यापर्यंत लवकर कुठून पोचणार?

त्याने बराच वेळ विचार केला आणि जुना विकायचा नाही असं ठरवलं. नव्याचं दिवाळीला बघू म्हणाला. खूश होऊन म्हणाला असं मी सांगणार नाही. पण वही त्याने टेबलाच्या खणात ठेवली, फाडली नाही.

आता ग्रुपवरच्या प्रश्नांची उत्तरं. घ्यायचा का? ज्यांच्याकडे पैसे बाजूला आहेत आणि मारिओ कार्ट घरातले चौघं मिळून खेळणार आहेत, त्यांनी खुशाल घ्यावा, पण बिल आणि बिघाड कोण बघणार ते विक्रेत्याकडून लिहून घ्यावं. जुन्या स्विचचे बहुतेक सगळे गेम नव्यावर चालतात, तेव्हा तुमचा संग्रह वाया जात नाही. जपानहून कोणी येत असेल तर घाई करू नका. तिथला ४९,९८० येनला, म्हणजे सुमारे ३० हजारांना जाहीर झालेला कन्सोल फक्त जपानी भाषेत आणि जपानी खात्यावरच चालतो. स्वस्त दिसतो म्हणून मामा-काकांना आणायला सांगाल आणि मग कांजी शिकत बसाल.

आणि थांबायचं असेल तर बिनघोर थांबा. २०११ मध्ये निन्टेंडोचाच ३-डीएस २४९.९९ डॉलरला आला होता. सहा महिन्यांच्या आत किंमत १६९.९९ झाली. तेव्हा आधी घेतलेल्यांना कंपनीने २० जुने गेम मोफत दिले आणि इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. किंमत चुकली तर चुकली म्हणणारा माणूस होता तो. पहिलं डायरेक्ट त्याच वर्षीचं. या वेळी किंमत उतरेलच असं नाही. पण गेम कुठे पळून जात नाहीत, हे नक्की.

डायरेक्ट मात्र बघत जा. तो फुकट आहे आणि त्याचा आनंदही खरा आहे. ओरडा, नाचा, गायीला नाव ठेवा. फक्त त्याच संध्याकाळी काही ठरवू नका. दुसऱ्या दिवशी वही काढा, काय दाखवलं ते एका पानावर आणि काय सांगितलं नाही ते समोरच्या पानावर लिहा. आईबाबांशी बोलताना ती वही फार कामाला येते, अनुभव आहे.

एक शेवटची विनंती. जूनमध्ये आपल्यापैकी ज्याच्या घरी नवा स्विच येईल त्याने एका रविवारी तो मंडळाच्या हॉलवर आणावा. प्रोजेक्टर आहे, एका पडद्यावर चौघं खेळू शकतात, बाकीचे नंबर लावतील. शेव-उसळ माझ्याकडून. गाय कोणी घ्यायची ते आत्ताच सांगतो, ती आईने मागून ठेवली आहे.

भेटू पुढच्या महिन्यात.